सोमवारी १६ मिमीचा झोन, गुरुवारी काहीच नाही: वनस्पती अर्काची जिवाणूरोधक चाचणी कुठे बिघडते

अर्क तोच, बाटली तीच, जिवाणूही तोच. सोमवारी खळग्याभोवती १६ मिमीचा स्वच्छ झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ), गुरुवारी ११, आणि पुढच्या आठवड्यात प्लेटभर सलग वाढ. मग 'या झाडात दम नाही' असं ठरवून निरगुडी सोडली जाते, टणटणी घेतली जाते, आणि महिनाभराने तोच गोंधळ नव्या पानासकट पुन्हा उभा राहतो. मराठवाड्यात एम.एस्सी.चे प्रोजेक्ट संपवायची घाई आणि उन्हाळा एकाच वेळी येतात, त्यामुळे मार्च ते मे हे दिवस या प्रश्नाचे खास दिवस असतात. तो योगायोग नाही. कारण पुढे दिलं आहे.

शोध घेताना क्रम पाळा: आधी प्लेट तपासा, मग द्रावक, मग अर्क कसा काढला ते, आणि सगळ्यात शेवटी वनस्पती. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात.

खाली सगळीकडे आगर वेल डिफ्यूजन पद्धत धरली आहे: म्युलर-हिंटन आगर (जिवाणू वाढवायचं माध्यम), ६ मिमीच्या कॉर्क बोअररने पाडलेला खळगा (ज्याला लॅबमध्ये सगळे 'वेल' म्हणतात), आणि त्यात ५० मायक्रोलिटर अर्क.

अर्काकडे नंतर, आधी कंट्रोलकडे

प्रत्येक प्लेटवर अर्काशिवाय दोन गोष्टी हव्यातच. एक, जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची तयार डिस्क. दोन, अर्क ज्या द्रावकात विरघळवला आहे तोच द्रावक, त्याच प्रमाणात, तेवढाच, वेगळ्या खळग्यात. सगळ्या बॅचला मिळून एकच कंट्रोल प्लेट ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती पुरत नाही, कारण आगरची जाडी प्लेटगणिक बदलते आणि घोळ नेमका तिथेच होतो.

जेंटामायसिनचा झोन किती यायला हवा हे ठरलेलं आहे. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर १९ ते २६ मिमी, स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ वर १९ ते २७ मिमी (एटीसीसी हा अमेरिकेतला जिवाणूसंग्रह, आकडा त्यातल्या स्ट्रेनचा). पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह किंवा चंदीगडचा एमटीसीसी संग्रह इथून मागवताना याच स्ट्रेनचा समकक्ष क्रमांक विचारून घ्या. दवाखान्यातून आणलेला अनोळखी स्ट्रेन चाचणीसाठी चालेल, पण कंट्रोलसाठी चालणार नाही. त्याचा झोन किती यायला हवा हेच माहीत नसेल तर चूक ओळखणार कशावरून?

आता प्लेट हातात घेऊन बघा. डिस्कचा झोन ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर त्या प्लेटवरचा अर्काचा आकडा वहीत लिहूच नका, थेट पुढचा भाग वाचा. डिस्क बरोबर आहे पण द्रावकाच्या खळग्याभोवतीही झोन आहे, तर दोष द्रावकाचा. दोन्ही कंट्रोल बरोबर आहेत आणि अर्काचा झोन नाही, तरच अर्काचा विचार सुरू होतो.

डिस्कचाच झोन चुकला आहे

पहिला संशय जाडीवर. आगर ४ मिमी जाड हवं. ९० मिमी आतील व्यासाच्या प्लेटला त्यासाठी २५ मिली लागतं. म्हणजे एक लिटर माध्यमातून ४० प्लेटा, त्याहून एकही जास्त नाही. माध्यम पुरवण्यासाठी १५ मिलीत प्लेट भागवली तर थर अडीच मिमीच्या आत येतो, औषध खाली मुरायला जागाच उरत नाही, ते आडवं पसरतं आणि सगळे झोन फुगतात. ३५ मिली ओतलं तर उलट सगळे झोन आखडतात. डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका. एका निर्जंतुक परीक्षानळीवर २५ मिलीची खूण करा आणि तिनेच ओता. काचेच्या जुन्या प्लेटांचा तळ पुष्कळदा मधोमध उचललेला असतो. सपाट काचेवर ठेवून बोटाने दाबल्यावर डुगडुगणारी प्लेट या कामातून बाजूला काढा. ओतायचं टेबलही पाणसळ लावून तपासलेलं हवं.

दुसरा संशय जिवाणूंच्या संख्येवर, आणि झोन दर वेळी वेगळा येण्याचं सर्वात मोठं कारण हेच. 'ब्रॉथ गढूळ झालं की स्वॅब फिरवायचा' ही पद्धत सोडा. ०.५ मॅकफर्लंडची नळी (जिच्याशी गढूळपणा जुळवून जिवाणूंची संख्या ठरवतात ती) घरीच बनते: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड डायहायड्रेटचं द्रावण ०.५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९९.५ मिली. (आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी नाही.) ६२५ नॅनोमीटरवर १ सेंमी क्युव्हेटमध्ये त्याचं शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. अंधारात ठेवा, वापरण्याआधी चांगलं हलवा, महिन्यातून एकदा शोषण पुन्हा मोजा. मग १८ ते २४ तासांच्या ताज्या प्लेटवरच्या चार-पाच वसाहती ०.८५ टक्के सलाइनमध्ये मिसळून तेवढाच गढूळपणा जुळवा. त्यात मिलीला सुमारे १५ कोटी जिवाणू असतात. जुळवल्यावर १५ मिनिटांच्या आत स्वॅब फिरला पाहिजे. नळी रॅकवर ठेवून चहाला गेलात तर परत आल्यावर ती ०.५ राहिलेली नसते.

स्वॅब नळीच्या भिंतीवर दाबून जादा पाणी काढा. प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवत तीनदा पूर्ण पृष्ठभागावर ओढा आणि शेवटी कडेने एक फेरा द्या. तीन ते पाच मिनिटं वाळू द्या. आगरवर ओल चमकत असेल तर अर्क खळग्याबाहेर पृष्ठभागावरूनच वाहतो.

तिसरा संशय पाण्यावर. आपला भाग बसाल्टचा, बोअरचं पाणी जड. डिस्टिलेशन प्लांटची काच क्षारांनी पांढरी झाली की काम रेटण्यासाठी बोअरचं किंवा नुसतं आरओचं पाणी माध्यमाला वापरलं जातं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाढलं की जेंटामायसिनसारख्या औषधांचा झोन आखडतो, आणि स्युडोमोनासवर तो जास्तच आखडतो. प्लांट सौम्य आम्लाने धुऊन घ्या आणि डिस्टिल्ड पाणीच वापरा. म्युलर-हिंटनची पूड लिटरला ३८ ग्रॅम, २५० मिलीला साडेनऊ ग्रॅम. पावसाळ्यात डबा उघडा राहून पूड गोळा झाली असेल तर तो डबा फेकलेला बरा.

पीएच ७.२ ते ७.४ च्या मध्ये हवा, आणि तो थंड झालेल्या माध्यमाचा मोजायचा. आम्लाकडे झुकला तर जेंटामायसिन ढिलं पडतं. उरलेलं आगर पुन्हापुन्हा वितळवत राहिल्याने पीएच घसरतो आणि आगर मऊ पडतं, मग खळगा पाडताना कड फाटते. एकदाच वितळवा.

डिस्कची बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडू नका. तासभर बाहेर ठेवून मग झाकण काढा, नाहीतर आत दव धरतं आणि औषध खराब होतं.

उन्हाळा आणि लाइट

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जाणं नेहमीचं आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या बंद लॅबमध्ये दुपारी त्याहून कमी नसतं. साध्या इनक्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो. थंड करायची सोय त्यात नसते. खोली ४१ वर असेल तर डायल ३५ वर लावली तरी आतलं तापमान ४१ च्या खाली जात नाही. प्रमाणित पद्धतीत ३५ अंश, २ अंश इकडेतिकडे, एवढीच सूट आहे. जिवाणू ४१ लाही वाढतात, पण वाढीचा वेग आणि अर्क पसरण्याचा वेग यांचं गणित बदलतं आणि डिसेंबरमधला झोन मे महिन्यात येत नाही.

दरवाजावरच्या डिजिटल आकड्यावर विसंबू नका. १०० मिली पाण्याचा फ्लास्क मधल्या कप्प्यात ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि चार तासांनी वाचा. कॉम्प्रेसर असलेला बीओडी इनक्युबेटर बहुतेक विभागांत असतो, उन्हाळ्यात तोच ३५ वर लावा. तो मिळत नसेल तर प्लेटा सायंकाळी ५ ला ठेवून सकाळी १० ला वाचा. १७ तास होतात आणि बहुतेक वेळ रात्रीचा मिळतो.

याहून सूक्ष्म घोळ इनक्युबेटरच्या आधी होतो. अर्क खळग्यात घातल्यापासून प्लेट आत जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास टेबलावर जातो. जानेवारीत त्या वेळात जिवाणू जवळपास झोपलेले असतात. मे महिन्यात टेबलच इनक्युबेटर झालेलं असतं, अर्क अजून खळग्यात आणि जिवाणूंची दुप्पट-चौपट सुरू. झोन तयार होतो तो या शर्यतीतूनच. अर्काला आघाडी द्यायची तर खळगे भरल्यावर प्लेटा ४ अंशाला दोन तास सरळ ठेवा, उलट्या नाही. वेलची प्लेट झोन मोजेपर्यंत कुठल्याच टप्प्यावर उलटी करायची नसते. आणि जेंटामायसिनची डिस्क मात्र या दोन तासांनंतर, इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या आधी ठेवा. १९ ते २६ ची मर्यादा थंड ठेवलेल्या डिस्कसाठी नाही. डिस्क आधीच ठेवली तर तिचा झोन खोटा मोठा येतो आणि प्लेट निर्दोष असूनही तुम्ही दोष शोधत बसता. दोन तास ठेवायचे तर वर्षभर दोनच तास. एका बॅचला ठेवून दुसरीला न ठेवणं सर्वात वाईट.

लाइट गेली आणि ऑटोक्लेव्हचं प्रेशर १५ पौंडांखाली आलं तर लाइट आल्यावर उरलेली मिनिटं मोजू नका. १२१ अंशाला १५ मिनिटं पहिल्यापासून पुन्हा धरा. इनक्युबेटर किती वेळ बंद होता याची नोंद त्या दिवशीच्या पानावर हवी.

द्रावकाचाच झोन येतो

मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये विरघळवलेला अर्क थेट खळग्यात घालू नका. ५० मायक्रोलिटर मिथेनॉल स्वतःच जिवाणू मारतं. अर्क पूर्ण वाळवून डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात घ्या. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा आहे. रोटरी इव्हॅपोरेटरमधून चिकट काकवीसारखा अर्क निघाला की काम झालं असं वाटतं, पण त्यात मिथेनॉल अडकलेलं असतं. पसरट काचेच्या बशीत ४० अंशाला ठेवून वजन करा, चार तासांनी पुन्हा करा. लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत थांबा. तसं न केल्यास दोन चुका एकदम होतात: खोटा झोन येतो, आणि तुम्ही १०० मिलिग्रॅम म्हणून जे तोलता त्यात अर्क ८० च असतो.

डीएमएसओ तुलनेने निरुपद्रवी, पण निर्दोष नाही. शुद्ध डीएमएसओ खळग्यात भरलं तर काही जिवाणूंवर छोटासा धूसर झोन दिसतो. अर्क आधी थोड्या डीएमएसओत पूर्ण विरघळवून मग निर्जंतुक पाण्याने पातळ करा, शेवटी डीएमएसओ १० ते २० टक्के राहील असं. पातळ करताना नळी उजेडात धरा. दूध फाटल्यासारखं झालं तर अर्क बाहेर पडला आहे. तो साका खळग्यात बसून राहणार, पसरणार नाही. अशा वेळी डीएमएसओ वाढवा आणि कंट्रोलच्या खळग्यातही तेवढंच वाढवा.

डिसेंबरच्या सकाळी डीएमएसओची बाटली गोठलेली दिसली तर घाबरू नका, ते १८.५ अंशालाच गोठतं. कोमट पाण्यात बाटली धरली की वितळतं. मात्र ते हवेतली ओल ओढतं, म्हणून मोठी बाटली पुन्हापुन्हा न उघडता छोट्या नळ्यांत भरून ठेवा.

डीएमएसओ नकोच असेल तर डिस्क वापरा. ६ मिमीच्या कोऱ्या फिल्टर पेपर डिस्कवर मिलीला २० मिलिग्रॅमचा मिथेनॉल अर्क १० मायक्रोलिटर घाला, पूर्ण वाळू द्या, असं पाच वेळा करा. डिस्कवर १ मिलिग्रॅम अर्क बसतो आणि मिथेनॉल उडून जातं. कंट्रोल डिस्कलाही नुसतं मिथेनॉल पाच वेळा द्यायचं.

हिरडा, आवळा, चिंच यांच्या पाण्यातल्या अर्काबाबत आणखी एक सापळा आहे. त्यांचा पीएच बराच खाली असतो आणि झोन औषधी घटकाचा नसून आम्लाचा असू शकतो. पीएच पट्टी बुडवा. ५ च्या खाली असेल तर त्याच पीएचचं सायट्रिक आम्ल वेगळ्या खळग्यात घाला, आणि अर्काचा एक भाग सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने ७ पर्यंत आणून शेजारी ठेवा. ७ च्या पुढे नेऊ नका, टॅनिन काळं पडून खराब होतं. सातचा झोन टिकला तरच तो झाडाचा.

कंट्रोल बरोबर, तरी अर्काचा झोन नाही

इथे पोचलात तर प्लेट विश्वासाची आहे. आता खरा प्रश्न: अर्क निकामी आहे, की तो आगरमधून पुढे सरकतच नाही?

या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि प्लेट तो सांगू शकत नाही. आगर म्हणजे सुमारे ९६ टक्के पाणी. पेट्रोलियम ईथर किंवा हेक्झेनमध्ये काढलेला तेलकट, गडद हिरवा अर्क पाण्यात पसरत नाही. खळग्याच्या भिंतीला हिरवा लेप धरून बसतो. कड तपासा: खळग्याला लागून एक-दीड मिमीची रेघ इतकी स्वच्छ असेल की जणू तिथे कोणी जिवाणू पुसले, पण पुढे काहीच नाही, तर अर्क बहुधा कामाचा आहे आणि पद्धत चुकीची. अशा अर्कासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनकडे वळा, कृती पुढे आहे.

टॅनिनचं उलट. बाभळीची साल, जांभळाची साल, डाळिंबाचं साल, हिरडा यांचे अर्क टॅनिनने भरलेले असतात. टॅनिन प्रथिनांना धरतं, आणि माध्यमात बीफ एक्स्ट्रॅक्ट असतंच. खळग्याभोवती पांढरट-तपकिरी, अपारदर्शक कडं बसतं. कोणी त्याला झोन समजून मोजतो, कोणी वाढ समजून सोडून देतो. खात्री सोपी आहे: जिवाणू न फिरवलेल्या प्लेटमध्ये तोच अर्क घाला. तिथेही कडं आलं तर तो साका आहे, झोन नाही. टॅनिन आहे का हे १ टक्का फेरिक क्लोराइडच्या दोन थेंबांत कळतं, अर्क निळा-काळा किंवा हिरवट-काळा होतो. अर्काचा एक भाग पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) टॅनिनमुक्त करून शेजारी तपासा. क्रिया पूर्ण गेली तर ती टॅनिनचीच होती, आणि प्रबंधात तसंच लिहावं. टॅनिनमुळे आलेली क्रिया कमी दर्जाची नाही, पण 'नवं प्रतिजैविक सापडलं' असंही तिच्यावरून म्हणता येत नाही.

ई. कोलायवर झोन नाही आणि स्टॅफिलोकोकसवर आहे, तर काहीही बिघडलेलं नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि आत शिरलेला रेणू बाहेर फेकणारे पंपही असतात. बहुतेक वनस्पतींचे अर्क तिथेच अडतात. ई. कोलायवर झोन यावा म्हणून मात्रा मिलीला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चढवत नेणं व्यर्थ आहे. खळग्यात पाक ओतल्यासारखं होतं आणि त्यातून काही कळत नाही.

अर्क काढतानाच्या चुका आता. पानं सावलीत वाळवा. एप्रिलच्या गच्चीवर, उन्हात, पत्र्यावर पसरलेली तुळस दोन तासांत कुरकुरीत होते खरी, पण तिचं तेल तेवढ्यात उडालेलं असतं. पावसाळ्यात उलट अडचण: सावलीत आठवडाभर पान ओलसर राहतं आणि बुरशी धरतं, तेव्हा ४० अंशाच्या ओव्हनला पर्याय नाही. मिक्सर सलग चालवू नका, भांडं तापतं. २० सेकंद चालवा, थांबा. ४० मेशच्या चाळणीतून चाळलेली पूड १० ग्रॅम, ८० टक्के मिथेनॉल १०० मिली, ७२ तास, मिनिटाला १२० फेऱ्यांच्या शेकरवर. फ्लास्कला कापसाचा बोळा लावू नका. उन्हाळ्यात तीन दिवसांत मिथेनॉल त्यातून उडतं, पाणी मागे राहतं, आणि ८० टक्क्यांचं द्रावक कितीवर आलं हे कोणालाच माहीत नसतं. घट्ट झाकणाची बाटली घ्या. व्हॉटमन क्र. १ मधून गाळा, ४० ते ४५ अंशाला कमी दाबाखाली आटवा. रोटरी इव्हॅपोरेटर नसेल तर बशी ४० अंशाच्या वॉटर बाथवर, पण फ्यूम हूडमध्येच. मिथेनॉलची वाफ विषारी आहे आणि ११-१२ अंशालाच पेट घेण्याजोगी होते. त्या टेबलाच्या आसपास बर्नर पेटता कामा नये.

तुळस, निरगुडी, ओवा, गवती चहा यांची क्रिया तेलात असेल तर या पद्धतीने ती हाती लागणारच नाही, आटवतानाच जाते. क्लेव्हेंजर उपकरणाने (पाण्याच्या वाफेबरोबर तेल ऊर्ध्वपातित करणारं काचेचं उपकरण) तेल काढा. ओव्याचं तेल मात्र वेगळ्या प्लेटवर तपासा. त्यातल्या थायमॉलची वाफ झाकणाखाली फिरते आणि शेजारच्या द्रावकाच्या खळग्यालाही झोन आणते.

वनस्पतीची ओळख सगळ्यात शेवटी सांगितली, पण ती टाळू नका. दोन बॅचांत आभाळाएवढा फरक आला तर पान तेच होतं का, हे आधी विचारा. कडुनिंब म्हणून बकाणनिंब आणलेला असू शकतो. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं, बकाणनिंबाचं दोन-तीनदा. प्रत्येक गोळा केलेल्या खेपेचा फुला-फळासकट नमुना दाबून ठेवा आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या केंद्रात ओळख पटवून क्रमांक घ्या. गाव, महिना, पानाचं वय वहीत हवं. पाऊस सरता सरता तोडलेलं पान आणि एप्रिलमध्ये सुकत आलेल्या झाडाचं पान यांतलं रसायन सारखं नसतं.

झोन आहे, पण आकार विचित्र

अंडाकृती झोन, किंवा एका बाजूला शेपटी फुटल्यासारखा: अर्क आगरच्या खालून वाहिला. बोअरर फिरवताना आगर तळापासून उचललं गेलं. बोअरर सरळ खाली दाबा, गोल फिरवू नका, गाभा सुईने तिरका उचला आणि तळाला वितळलेल्या आगरचा एक बारीक थेंब सोडून खळगा बंद करा. खळगा गच्चही भरू नका. ६ मिमी व्यास, ४ मिमी जाडी, म्हणजे मावतं ११३ मायक्रोलिटर. १०० घातले की प्लेट उचलताना सांडणारच.

झोनच्या आत, खळग्याच्या काठावरून निघालेली पसरट वाढ: ती तुमच्या चाचणीच्या जिवाणूची नसून बहुधा पानावरच्या बॅसिलसची आहे. त्याचे बीजाणू पाण्याच्या अर्कात जिवंत राहतात. अर्क आधी ५००० फेऱ्यांवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, मग ०.४५ आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. थेट ०.२२ ला घातला तर दोन मिलीत फिल्टर तुंबतो. डीएमएसओ असलेल्या अर्काला सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा फिल्टर लावू नका, पापुद्रा विरघळतो. पीटीएफई घ्या.

धूसर झोन, म्हणजे आत विरळ वाढ असलेला, मोजा पण वेगळ्या रकान्यात लिहा.

ज्यात पसरण्याचा प्रश्नच नाही अशी चाचणी

ही ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनची कृती: आगरऐवजी द्रव माध्यमात अर्क निम्मा-निम्मा पातळ करत नेणं. ९६ खळग्यांची प्लेट. १०० मिलिग्रॅम अर्क १ मिली डीएमएसओत, त्याचा एक भाग म्युलर-हिंटन ब्रॉथच्या नऊ भागांत: मिलीला १० मिलिग्रॅम. प्लेटच्या सगळ्या खळग्यांत आधी १०० मायक्रोलिटर ब्रॉथ. पहिल्या रकान्यात अर्काचे १०० मायक्रोलिटर घालून मिसळा, तिथून १०० दुसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत. दहाव्यातून १०० काढून टाका. ०.५ मॅकफर्लंडचं द्रावण ०.१ मिली घेऊन १४.९ मिली ब्रॉथमध्ये घाला, आणि त्यातलं १०० मायक्रोलिटर पहिल्या अकरा रकान्यांत. प्रत्येक खळग्यात मिलीला सुमारे ५ लाख जिवाणू होतात. पहिल्या रकान्यात अर्क २.५ मिलिग्रॅम, डीएमएसओ अडीच टक्के, पुढे निम्मं-निम्मं. अकरावा रकाना वाढीचा कंट्रोल. बाराव्यात जिवाणूंऐवजी आणखी १०० मायक्रोलिटर कोरा ब्रॉथ. एक ओळ नुसत्या डीएमएसओची आणि एक ओळ जिवाणूंविना अर्काची हवीच. या दुसऱ्या ओळीत जिवाणूंच्या जागी कोरा ब्रॉथ घाला.

३५ अंशाला १८ तासांनी प्रत्येकात ३० मायक्रोलिटर रेझाझुरिन हा रंग घाला (१५ मिलिग्रॅम १०० मिली निर्जंतुक पाण्यात, अंधारात ४ अंशाला ठेवलेलं), दोन ते चार तास थांबा. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. ज्या सर्वात कमी मात्रेला निळं टिकलं ती एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा.

जिवाणूंविना अर्काची ओळ इथे जीव वाचवते. आवळ्यासारखे क्षपणकारक अर्क जिवाणू नसतानाही रेझाझुरिन गुलाबी करतात. ती ओळ गुलाबी आली तर रंगावर निकाल देऊ नका, प्रत्येक खळग्यातून ५ मायक्रोलिटर आगरवर टिपून दुसऱ्या दिवशी वाढ बघा.

आकडा लिहिताना

झोन प्लेटच्या मागून, परावर्तित उजेडात, व्हर्नियर कॅलिपरने मोजा. खळग्याचे ६ मिमी धरून की वगळून, हे तक्त्याखाली लिहा. धरून मोजत असाल तर ६ मिमी म्हणजे शून्य. तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी तीन प्लेटा. एकाच दिवशीच्या नऊ प्लेटा म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत.

अर्काचा १८ मिमी आणि जेंटामायसिनचा २२ मिमी शेजारी ठेवून 'जवळपास प्रतिजैविकाइतका प्रभावी' असं वाक्य प्रबंधात लिहू नका. मिलीला १०० मिलिग्रॅमच्या अर्काचे ५० मायक्रोलिटर म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. डिस्कवर १० होते. तुलना करायचीच तर एमआयसीने करा. कच्च्या अर्काची एमआयसी मिलीला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर पुढे घटक वेगळे करण्याइतकं त्यात आहे. १०० ते ६२५ मध्यम, त्यापुढे दुबळी.

वाचून झालेल्या प्लेटा १२१ अंशाला ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय धुवायला देऊ नका, स्टॅफिलोकोकस जिवंत असतो. धुण्याच्या पावडरीचा अंश काचेवर राहिला तर पुढच्या बॅचचे झोन बिघडतात. धुतलेल्या, वाळलेल्या एखाद्या प्लेटवर ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन-चार थेंब फिरवा. हिरवे राहिले तर ठीक, निळे झाले तर अल्कली शिल्लक आहे. सगळ्या प्लेटा डिस्टिल्ड पाण्यातून आणखी दोनदा काढा.